हिरव्या दिव्याची नळी

मी वीजकेंद्राच्या धुराड्यात खुपसलेली नळी बोलतेय. दिसायला मनगटाएवढी, पण तोंडाने फटकळ. धुरात पारा किती हे सांगायला माझा जन्म झाला, आणि खोटं बोलणं माझ्या धातूत नाही.

मला इथे आणलं ते सरकारी नियमाने. कोळशात पारा असतो. कोळसा जळला की तो धुराबरोबर उडतो, तळ्यात उतरतो, माशांत मुरतो. तो मासा पोटुशीने खाल्ला की पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूला भिडतो. मला बसवायला आलेल्या तपासनीस बाईंनी हे सगळ्यांना बजावून सांगितलं. कामगारांच्या वसाहतीच्या फाटकावर त्यांनी मला जोडलेला दिवा लावून घेतला. पारा मर्यादेत असला तर हिरवा, नाहीतर लाल.

पहिल्या दिवसापासून लाल. साहेब लोकांची तोंडं आंबली. धूर गाळायचं यंत्र बसवायला त्यांनी सरकारकडे मुदत मागितली, मिळाली. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. यंत्र काही आलं नाही. शेवटी सरकारने दम भरला, आता लाल दिसला तर केंद्राला टाळं.

मग माझी निगा राखणाऱ्या मिस्त्रीला हुकूम सुटला. माझ्या मानेशी एक झडप आहे, मला आतून साफ करताना बाहेरची हवा घ्यायला. ती त्याने किंचित उघडी ठेवली. आता धुरात साधी हवा मिसळून माझ्या तोंडी येते. पाणी घातलेलं दूध चाखून मी काय चव सांगणार, कपाळ? दिवा हिरवा झाला आणि साहेबांनी पेढे वाटावेत तसं हसू वाटलं.

मिस्त्री माणूस चांगला, पण भित्रा. मला दुष्टांपेक्षा भित्र्यांचीच जास्त धास्ती वाटते.

आज दुपारी त्याची आई डबा घेऊन वर माझ्या खोलीत आली.

"खाऊन घे. तळ्यातला मासा आहे. सूनबाईलाही रोज घालतेय. सातवा लागलाय, बाळ कसं दणकट झालं पाहिजे."

मिस्त्रीचा हात डब्यावरच थांबला. "आई, तळ्यातलं नको देऊस तिला."

"का रे? लाल होता तेव्हा मीच बंद केलं होतं. शेजारणींनाही फैलावर घेतलं होतं. आता हिरवा आहे ना?"

"तरी नको."

"तरी म्हणजे काय? दिव्यापेक्षा तुला जास्त कळतं?" ती हसली. "अरे, तूच सांभाळतोस तो दिवा, म्हणून तर माझा डोळे झाकून विश्वास."

त्याने झडपेकडे पाहिलं. मग डबा पुढे सरकवला. "मला भूक नाही."

"बरं. मग हाही तिलाच वाढते. दोन जिवांची आहे, वाया कशाला घालवायचा?"

डबा घेऊन ती निघाली. तिची पावलं लोखंडी जिन्यावर वाजताहेत, एकेक पायरी खाली. हा मात्र पाना हातात धरून माझ्यासमोर खांबासारखा उभा.

झडप बंद कर, बाबा. साहेबांना काय तोंड द्यायचं ते मी देते. आणि तेवढीही छाती नसेल, तर मेल्या, आईला हाक तरी मार.