सहावा मणी

मनीषनगरच्या क्लासमध्ये जितेंद्र सर प्रथिनं कशी बनतात ते मण्यांनी शिकवायचे. एक पोरगी डीएनए होऊन मूळ मजकुराचा कागद जपून बसायची. दुसरी त्याची नक्कल करून मागच्या बाकांपर्यंत न्यायची. तिथली मंडळी ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचत दोऱ्यात एकेक मणी ओवायची. माळ झाली की प्रथिन तयार. मग सर मूळ मजकुरातलं एकच अक्षर बदलायचे आणि सहावा मणी पांढऱ्याऐवजी काळा यायचा.

"झाला सिकलसेल!" सर म्हणायचे. "हिमोग्लोबिनची माळ बिघडली, रक्तातली पेशी विळ्यासारखी वाकली, पोराचे हातपाय ठणकायला लागले. चुकीचा मजकूर आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस नुसता वाहक. दोघांकडून आला, तर जन्मभराचं दुखणं."

सर स्वतः वाहक होते. कॉलेजातल्या तपासणीतच ते कळलं होतं. पण गेल्या महिन्यात रामटेकच्या मिनलशी लग्न ठरून साक्षगंध झालं, तेव्हा त्यांनी ब्रसुद्धा काढला नाही. थोरली बहीण वंदना म्हणाली होती, "तुले काही दुखते का गा? मंग काहून सांगतं? चांगली पोरगी हातची जाईन." एरवी बहिणीचं एक अक्षर न ऐकणाऱ्या सरांनी हे मात्र निमूट ऐकलं. सोयीचं होतं ना!

त्या दिवशी मयुरा नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, मग लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यायला पाहिजे ना?"

"पाहिजेच!" सर ठासून म्हणाले. पोरांनी भराभर लिहून घेतलं. सरांना स्वतःची इतकी लाज वाटली, की फळा पुसायचं निमित्त करून ते पाठमोरे उभे राहिले. उद्या मिनलही वाहक निघाली आणि लेकराचे हातपाय ठणकले, तर ते पाप त्यांचंच असणार होतं.

संध्याकाळी त्यांनी फोन करून मिनलला सगळं सांगितलं. "मी तपासून घेते," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

रिपोर्ट आला, तशी तिनं त्यांना रामटेकला बोलावलं. अंगणातच सांगितलं, "मी वाहक नाही. लेकरांले हा आजार होणार नाही."

सरांचा जीव भांड्यात पडला. "मंग आता काही प्रश्नच नाही!"

"आहे ना. साक्षगंधाच्या दिवशी तुम्हाले माहीत होतं. मी वाहक निघाली असती तं? रक्ताचं मी समजून घेतलं असतं. तुम्ही मले विचारच करू दिला नाही. मले हे लग्न नाही करायचं."

सरांकडे उत्तर होतं, पण ते वंदनाताईचं होतं, आणि ते इथे बोलायची त्यांना शरम वाटली.

तेवढ्यात मिनलचे वडील भैयाजी घरातून बाहेर आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "जावईबापू, उन्हात काहून उभे? तुमच्यासाठी घरचा तांदूळ बांधून ठेवला. जातानी घेऊन जा."

मिनलला सरांची दया आली असावी. "बाबाले मी सांगन काहीतरी," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जा."

जाता आलं असतं. फटफटी फाटकाशीच उभी होती.

"भैयाजी, तांदूळ राहू द्या," सर म्हणाले. "जरा बसा. हे लग्न होत नाही, आणि त्यात मिनलचा काहीच दोष नाही. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली."