पहिला मान गाणं सांगणारीचा

भुलाबाईची गाणी संपली की खिरापत. डबा फडक्यात बांधलेला असतो. ज्या घरची खिरापत, त्या घरची बाई तो हलवून दाखवते आणि आत काय वाजतं ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाहीत. आमच्या गावात, बार्शीटाकळीच्या अलीकडे, आणखी एक रीत आहे. ओळखायचा पहिला मान गाणं सांगणारीचा. ती बोलली की मग इतरांनी बोलायचं.

आमच्याकडे गाणं सांगणारी म्हणजे इंदूबाई. ती एक ओळ सांगते आणि आम्ही टिपऱ्यांवर ती उचलतो. मी तिच्याहून वयाने मोठी, पण भुलाबाईपुढे मी तिच्या मागची.

गेल्या वर्षीच्या आखाडात तिचे मालक उत्तमराव वारले. त्या वर्षी भुलाबाई आली आणि गेली, इंदूबाईचं दार काही उघडलं नाही. यंदा मी तिच्या घरी जाऊन बसले. ती म्हणाली, "मामी, लोक नावं ठेवतीन." मी म्हटलं, लोक कधी ठेवत नाहीत ते सांग. मी रोज जात राहिले. शेवटी एका दुपारी तिने पेटीतून टिपऱ्या काढल्या आणि पदराने पुसल्या. मला एवढं कळत होतं, की या वेळी कोणी तिला मागे ढकललं तर ती पेटी पुन्हा उघडणार नाही.

अकोल्याच्या एका महिला मंडळाने रविवारी ग्रामीण महिलांचा मेळावा ठेवला होता. गावोगावच्या बाया, भुलाबाईची गाणी, वर फराळ. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती, तरी आम्ही मजुरी बुडवून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो. हर्षा, आमच्यातली तरणी सून, टपावर बसायला निघाली होती. तिला खाली ओढावं लागलं.

हॉल मोठा. मंचावर भुलाबाई आणि तिचे मालक भुलोजी, दोन वेगवेगळ्या मूर्ती, गुडघ्याएवढ्या. आमच्याकडे मखर ज्वारीच्या धांड्यांचा असतो, इथे प्लास्टिकच्या फुलांचा आणि वर दिव्यांची माळ. दारात एक मुलगी हळदीकुंकू लावत होती. मला लावलं, हर्षाला लावलं. इंदूबाईपुढे तिचं बोट आलं आणि तिथेच थांबलं.

मंडळाच्या अध्यक्ष रमाताई लगबगीने आल्या. बाई शिकलेली, बोलणं मधासारखं. इंदूबाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मागे निवांत बसा. तिथे पंखा आहे. ओवाळणं आणि गाणी पुढे सवाष्णी करतील. शास्त्र आहे ना, आपण काय करणार?"

इंदूबाईने टिपऱ्या पदराखाली घेतल्या आणि ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पहिली खुर्ची मिळाली ती कशाच्या बळावर? आमचे मालक नत्थुजी घरी ओट्यावर खोकत बसले होते, त्या खोकल्याच्या बळावर. उद्या तो खोकला थांबला की मीही पंख्याखाली. मी रमाताईंना गाठलं. म्हटलं, भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली लेक. लेक घरी आली की आईचं कपाळ पाहून उंबरा ओलांडते काय? त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्या भावना समजतात आजी, पण पाहुण्या आल्या आहेत, आपण नंतर बोलू.

नंतर कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

गाण्यांची वेळ झाली तेव्हा आमच्या गावाचं नाव पुकारलं. आम्ही उठलोच नाही. दुसऱ्या गावच्या बायांनी म्हटली चार गाणी. रमाताई आमच्याकडे पाहून म्हणाल्या, लाजू नका. त्यांना ती लाज वाटली.

मग खिरापत आली. जरीच्या फडक्यात बांधलेला डबा रमाताईंनी माईकसमोर धरून खळखळवला. फुटाणे होते. बहिऱ्यालाही कळलं असतं. "आता खिरापत ओळखतील बार्शीटाकळीकडच्या भगिनी," असं त्या म्हणाल्या आणि हॉल आमच्याकडे पाहू लागला.

आम्ही गप्प. त्यांनी पुन्हा हलवला. हर्षा हळूच म्हणाली, "गिट्टी हाय." मागून कोणीतरी म्हटलं, "मोटरसायकलचे नट असतीन." बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दुसऱ्या गावच्या बायांना आमची रीत ठाऊक होती. त्यांनी मान वळवून शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि त्याही गप्प झाल्या. पाहुण्या बाईंनी घड्याळ पाहिलं. रमाताईंचं हसू ओठांवर वाळलं. म्हणाल्या, चला, मीच उघडते.

मी उभी राहिले. "ओयखल्याबिगर डबा उघडत नाही, बाई. शास्तर हाय."

"मग ओळखा ना, आजी."

"पह्यला मान गाणं सांगनारीचा. तिले तुमी पंख्याखाली बसवलं."

रमाताईंनी त्या दारातल्या मुलीला मागे पाठवलं, इंदूबाईला पुढे घेऊन ये म्हणून. मुलगी एकटीच परत आली. इंदूबाईने सांगितलं होतं, ज्याला विचारायचं त्याने यावं.

मग रमाताई निघाल्या. डबा छातीशी धरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या नजरेसमोरून. प्रत्येक पावलाला फुटाणे वाजत होते. इंदूबाईसमोर उभ्या राहून त्यांनी डबा हलवला.

"फुटाणे," इंदूबाई म्हणाली.

"बरोबर," रमाताई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "या आता पुढे. म्हणा तुमचं गाणं."

"पुढं काहून? इथंच बरं हाय. पंखा हाय."

आणि तिने पदराखालून टिपऱ्या काढल्या. पहिली ओळ अर्ध्यातच तुटली. दोन वर्षांचा गंज होता. दुसऱ्यांदा तिने तीच ओळ सांगितली तेव्हा ती हॉलच्या भिंतीला जाऊन लागली. आम्ही खुर्च्या सरकवल्या, मंचाकडे पाठ केली आणि तिच्याभोवती फेर धरला. दुसऱ्या गावच्या बायाही उठल्या.

हर्षा मात्र मंचावर गेली. तिने भुलाबाई मखरातून उचलली, लेकरू कडेवर घ्यावं तशी घेतली आणि फेराच्या मधोमध आणून ठेवली. रमाताई म्हणाल्या, अहो, दोन्ही मूर्ती जोडीने असतात, एकटीला उचलू नये.

"राहू द्या त्याले तिथं," हर्षा म्हणाली. "बाई माहेरी आली हाय."

भुलोजी दिव्यांच्या माळेखाली एकटे बसून राहिले. आम्हाला गाणी आटोपेपर्यंत त्यांची आठवणही झाली नाही.