गोळी अन्न नव्हे

शहाऐंशी साली मराठीला गोव्याची राजभाषा करा म्हणून आम्ही पेडण्यात पाच दिवसांचे उपोषण मांडले. आम्ही म्हणजे समिती: अध्यक्ष कृष्णनाथ, गावचे किराणा दुकानदार, आणि चिटणीस मी, शाळामास्तर. उपाशी कोणी राहायचे हा विषय निघताच अध्यक्षांना मधुमेह आठवला आणि मला शाळेची तपासणी. मग बसायला मिळाला हळर्ण्याचा सगुण. डिचोलीच्या खाणीवर जन्मभर ट्रक हाकून त्याचे दोन्ही गुडघे गेलेले, पण 'नाही' म्हणायची सवय नव्हती.

ताडपत्रीवर मांडी घालून दुसऱ्याच दिवशी गुडघे टम्म सुजले. डॉक्टरांनी दिलेल्या सुजेच्या गोळ्या खिशात होत्या. दिवसाला दोन, जेवल्यावर. त्याची बायको चंद्रावती पेलाभर दूध आणि दोन पाव घेऊन आली.

"गोळी घेतल्याशिवाय ह्यांका बसूक जमाचा नाय, मास्तर. आणि उपाशी पोटी ती घेव नये म्हणान डॉक्टरान सांगल्यान."

समितीला घाम फुटला. राजभाषा कोकणीच हवी म्हणणाऱ्या कोकणीवाल्यांपैकी कोणी पाव खाताना पाहिले तर! तातडीची बैठक बसली, दीड तास खल झाला आणि मी ठराव लिहिला: 'गोळी हे औषध आहे, अन्न नव्हे, सबब ती घेण्यास हरकत नाही. दूध व पाव वर्ज्य.' एकमताने मंजूर. त्यातला 'सबब' मला फार आवडला होता, खोटे कशाला बोलू?

चंद्रावतीने पेला पदराखाली झाकून परत नेला.

सगुण नुसत्या पाण्याबरोबर गोळ्या गिळू लागला. दोनांनी भागेना, तेव्हा चार. "पोटात आग पडता," असे तो म्हणाला, तर अध्यक्ष म्हणाले, "ता उपासाचा तेज!" चौथ्या दुपारी अध्यक्षांचे भाषण रंगात आलेले असताना सगुणने चहाच्या चोथ्यासारखे काळे ओकले आणि तो तिथेच आडवा झाला.

म्हापशाला नेला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कोकणीतून झापले: "उपाशीं पोटार ह्यो गुळयो घेवपाक कोणें सांगलें?" एरवी आम्ही भाषेवरून निषेध नोंदवला असता. ठराव माझ्या पिशवीत होता. पिशवी मी पाठीमागे लपवली. दोन दिवस सगुण जगतो की जातो कळत नव्हते, आणि माझा भित्रेपणा मलाच किळसवाणा वाटत होता.

तो वाचला. महिन्याभराने देवळाच्या मंडपात सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. अध्यक्ष गरजले, "या वीराने मराठीसाठी रक्त सांडले!" टाळ्यांचा कडकडाट. तेवढ्यात चंद्रावती उठली आणि तिने सरळ माइक ओढला.

"रगत भाशेसाठी नाय सांडला. उपाशी पोटी गोळये गिळल्यानी म्हणान सांडला. डॉक्टरीणबाय सांगी होती, ही गोळी पोटात आतून घाय करता. जेवल्याबगर घेव नये, सांगल्यापेक्षा जास्त घेव नये. शी डांबरासारखी काळी होव लागली तर गोळी बंद करून त्याच दिसा डॉक्टराकडे जावचा. ता रगत असता."

अध्यक्ष "बसा, वयनी, बसा" करत राहिले. बायकांच्या बाजूला मात्र सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. भाताच्या लावणीला वाकून कंबर मोडलेल्या बायका त्या, सोमवार पाळणाऱ्या. तसल्याच गोळ्या अध्यक्षांच्या दुकानात बरणीतून सुट्या मिळत.

माझी बायको यशोदा त्यांच्यातून उठून स्टेजपाशी आली. तोंड पांढरेफटक.

"मी पण कमरेसाठी तीच घेतय," ती हळूच म्हणाली. "सोमवारी उपाशीच. आठ दिस झाले, माका काळीच होता."

मी तिचा हात धरला. "अगो, मग सांगलंस कित्याक नाय?"

"कधी सांगूचा? तुमची मिटिंग खंय संपता?"