कोरड्या जिल्ह्याचे पाहुणे

२००१ सालची गोष्ट. गुणवंतराव हे सावलीचे राइस मिलवाले. मुलीच्या साक्षगंधाला नदीपलीकडून, गडचिरोलीकडून, साठ पाहुणे यायचे होते. गोदामामागे पुरुष मंडळींची ‘सोय’ जहीरकडे होती. जहीर स्वतः थेंबालाही शिवत नसे, म्हणून तर लोक बिनघोर बाटल्या त्याच्या ताब्यात देत. त्या विश्वासावरच त्याच्या घरची चूल पेटायची.

“तीस बाटल्या लागतीन, भाऊ,” जहीर म्हणाला.

“बारा आण. आठ वर्षांपासून दारूबंदी आहे त्यांच्याकडं. सवय तुटली असन.”

“बंदी जिल्ह्यात आहे भाऊ, घशात नाई.”

पण ज्याचा पैसा, त्याचंच गणित खरं. बाराच आल्या.

दुपारी दोनला पाहुण्यांची बस आली आणि अडीचला बाराही बाटल्या आडव्या झाल्या. व्याही बापूजी आपल्या गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. त्यांनी पदाला शोभेल असा पुढाकार घेतला होता.

दुसऱ्या कोणी दुकानाकडे माणूस पळवला असता. गुणवंतरावांनी रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. मिलच्या हमालांसाठी नदीपलीकडच्या चैतूकडून मागवलेला मोहाच्या दारूचा कॅन घरात होताच. त्यात कोऱ्या चहानं रंग आणला, बाटल्या भरल्या.

“हे मी नाई वाढणार, भाऊ. माझं नाव जाईन.”

“आठ वर्षं कोरडी जीभ! तिले काय समजते? वाढ, नाईतर या तालुक्यात तुले कोणी बोलावणार नाई.”

जहीर संतापानं लाल झाला, पण जागचा हलला नाही. शेवटी यजमानांनी स्वतःच ट्रे उचलला.

बापूजींनी एक घोट घेतला, डोळे मिटले.

“व्याही, ही तर चैतूची आहे.”

“या जहीरनं बदलली असन!” गुणवंतराव ओरडले. “बाटल्या त्याच्याच ताब्यात होत्या!”

साऱ्या पुरुष मंडळींचे डोळे त्याच्याकडे वळले.

“त्याचं नाव काऊन घेता?” बापूजी शांतपणे म्हणाले. “कोणाच्या घरी किती कॅन गेले, ते चैतू दर हप्त्याले मले सांगून जाते. अध्यक्ष आहो ना मी! तुमच्या घरी परवा वीस लिटर आली. आठ वर्षं हीच पिऊन राह्यलो जी. एक दिवस पूल ओलांडून आलो, त इथीबी हीच?”

गुणवंतरावांना धरणी पोटात घेईना.

“लग्नात सगळं जहीरभाऊच पाहतीन, तेबी त्यांच्याच हिशेबानं,” बापूजींनी निकाल दिला आणि ग्लास पुढे केला. “भरा आता. विसातली उरली असन ना?”