काहिलीचा कट्टा

“लिव आता,” म्हणत पिराजीनं उकळती काकवी बायकोच्या उजव्या हातावर ओतली.

तिची पाटी त्यानं त्याआधीच चुलवाणाच्या जाळात टाकली होती. भाकरी घेऊन आलेली बायडाबाई गुऱ्हाळामागं पाचटावर बसून अक्षरं गिरवत होती, एवढंच निमित्त. त्यानं तिला झिंज्या धरून ओढलं, पोटात लाथ घातली आणि रस आटवायच्या काहिलीतून लांब दांड्याचं ओगराळं भरून आणलं. उकळतं पाणी अंगावरून वाहून जातं. काकवी चिकटते आणि जाळतच राहते. बायडाबाईनं हात मातीत घासला, तेव्हा मातीबरोबर कातडंही निघालं.

दुसऱ्या दिवशी मदिनाबाई तिला ठाण्यात घेऊन गेल्या. गल्लीतल्या बायकांना त्या रोज दुपारी लिहायला शिकवायच्या. बायकोचा छळ करणाऱ्याला कैद, असा कायदा संस्थानच्या महाराजांनी यंदा काढल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. वाटेत एवढंच म्हणाल्या, “तुझं तूच सांगायचं, बायडा.”

पिराजी आधीच हजर होता, सोबत गूळ शिजवणारा गुळव्या आकारामही.

“सायेब, बाईमाणूस. काहिलीवर चढली, घसरली. घरी न्हेतो, हळद लावतो,” पिराजी म्हणाला.

“काय गं, खरं हाय?” फौजदारानं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली असती, तर संध्याकाळी ती त्याच घरात असती.

“सायेब, काहिलीच्या कट्ट्यावर बायकांस्नी चढू देत न्हाईत,” ती म्हणाली. “बाईचा पाय लागला की गूळ फसतोय म्हणत्यात. मी आजवर काहील आतनं बघितली न्हाय. गुळव्याला इचारा की.”

“आकाराम, सांग की,” पिराजी म्हणाला. “गेलती का न्हाय वर?”

आपल्या काहिलीवर बाई चढली, असं आकारामनं कबूल केलं तर उद्या कोण त्याला गुऱ्हाळावर बोलावणार होतं?

“माझ्या कट्ट्याला बाईचा पाय लागलेला न्हाय,” तो तावातावानं म्हणाला. “ओगराळं ह्योच घिऊन गेलता.”

पिराजीनं तिथंच तिच्या भाजलेल्या हातावर लाथ हाणली. शिपायांनी त्याला आवळून बाहेर नेईपर्यंत हाताचं फडकं लाल झालं होतं.

कारकुनानं जबाब वाचून दाखवला, शाईची गादी पुढं सरकवली आणि तिचा हात धरून फडकं सोडलं. मग तो थांबला. अंगठ्याला कातडंच नव्हतं.

“डावा दे.”

“अंगठा नगं,” बायडाबाई म्हणाली. “नाव लिवतो मी.”

डाव्या हातात तिनं कधी पेन्सिलही धरली नव्हती. टाक कागदावर अडला, तशा मदिनाबाई हात धरायला पुढं झाल्या.

“ऱ्हाऊ द्या, बाई.”

बाहेरून पिराजीच्या शिव्या येत होत्या. अक्षरं उतारावरून घसरावीत तशी कागदाच्या कडेला गेली. शेवटचं फिकं उमटलं होतं. बायडाबाईनं टाक पुन्हा शाईत बुडवला आणि ते सावकाश ठळक केलं.