पेल्यातला पांढरा धूर

पेलेबाबांच्या दरबाराला सभागृह पुरत नव्हतं. खुर्च्या भरल्या, जिना भरला, तरी लोक दारातून टाचा उंचावून बघत होते. मंचावर मूल नसलेलं एक जोडपं उभं होतं आणि दोघांच्या हातात एकेक रिकामा काचेचा पेला होता.

"काच खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले. "सायन्स आमच्या दारी पाणी भरतं."

त्यांनी नवऱ्याच्या पेल्यावर बशी झाकली. काही झालं नाही. बायकोच्या पेल्यावर दुसरी बशी ठेवली आणि बघता बघता पेला पांढऱ्या धुरानं गच्च भरला.

"दोष बाईत आहे. एकवीस दिवस जेवण बंद. दिवसातून एकदा नुसतं उकडलेल्या भाज्यांचं पाणी आणि आमची पुडी."

नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. बाबांनी बशी उचलली तेव्हा त्याच्या नाकाला झिणझिण्या आल्या. तो वास त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा होता. केसांच्या कलपातल्या अमोनियाचा. त्यानं तिथंच बोलायला हवं होतं. पण त्याला हायसं वाटलं, आणि तो गप्प बसला.

कारण त्याचा स्वतःचा रिपोर्ट आठवडाभर दुकानाच्या खणात दडवलेला होता. तपासणीला तो घरी न सांगता गेला होता.

"दिवसाला किती सिगारेटी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"वीसेक. शिवाय गिऱ्हाइकंही दुकानातच ओढतात."

"हा धूर फुप्फुसात थांबत नाही, रक्तातून सगळीकडे फिरतो. तुमच्या शुक्रजंतूंची संख्या कमी आहे, आहेत त्यातले बरेच नीट चालत नाहीत, हार्मोनचे आकडेही बिघडलेत. सगळा दोष सिगारेटचाच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आधी ती सोडा. नवे शुक्रजंतू तयार व्हायला जवळपास तीन महिने लागतात. मग पुन्हा तपासू."

तो मान डोलावून बाहेर पडला आणि पायरीवरच त्यानं सिगारेट पेटवली.

बायकोनं मात्र बाबांची पुडी एकदाही चुकवली नाही. दिवसभर ग्रंथालयात पुस्तकं लावायची आणि घरी येऊन ते पाणी प्यायची. "अहो, माझ्यामुळे तुम्हाला लोकांचं ऐकून घ्यावं लागतं," असं ती म्हणायची, तेव्हा तो ताट सारून उठून जायचा.

एकोणिसाव्या दिवशी ती चक्कर येऊन शिडीवरून पडली. कपाळाला चार टाके पडले. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, "आजची पुडी राहिली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल का हो?"

त्याला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्या दिवशी शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे मास्तर दाढीला आले, तेव्हा त्यानं त्यांना सगळं विचारून घेतलं.

पुढच्या दरबाराला तो दोन बाटल्या घेऊन गेला. बायको आणि आई पुढच्याच रांगेत होत्या. बाबा काही बोलायच्या आत तो मंचावर चढला.

"आई, जरा वर ये. हा पेला धर."

त्यानं बशी झाकली. पेला धुरानं भरला.

"माझ्या आईला पाच मुलं झाली. तिच्यातही दोष निघाला, बाबा. पुडी देता?"

सभागृहात हशा पिकला. बाबा "अपवित्र शक्ती, अपवित्र शक्ती" म्हणत मागच्या दाराकडे सरकू लागले.

"शक्ती या बाटल्यांत आहे," तो म्हणाला. "पेल्यात संडास धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब, बशीला खालून अमोनिया. दोन्हींच्या वाफा भेटल्या की पांढरा धूर होतो. पेला कुणी धरलाय, हे धुराला कळत नाही." मग त्यानं खिशातून कागद काढला. "हा माझा रिपोर्ट. कमी माझ्यात आहे. मूल होत नसेल तर दोघांनी तपासून घ्या, आणि आधी पुरुषानं. बाईच्या हातात पेला देऊ नका."

तो खाली उतरला. बायकोनं त्याच्या हातातून रिपोर्ट घेतला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला.

"तारीख दरबाराच्या आधीची आहे," ती म्हणाली. "आणि अमोनिया तर तुमच्या कलपातलाच. तो वासही तुम्हाला तेव्हाच कळला होता?"

"हो."

तिनं कागदाची घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

"बाबा लबाड होता. पण तो मला ओळखत नव्हता," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे पुढच्या वेळी दोघं जाऊ. आज मी आईंबरोबर पोटभर जेवणार आहे. तुम्ही नंतर या."