चहा संपेपर्यंतची सहा मिनिटं

स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा लिहिलेली पानं, तीन कोरी, बसचं एक वेळापत्रक, डॉक्टरीणबाईंचं एक पत्र आणि शेजारीशेजारी बसलेल्या दोन मुलींचे चार फोटो होते. नॉर्मन एन्टविसलने सगळं दुसऱ्यांदा मोजलं. स्थानिक कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालांच्या कार्यालयातून दहाला फोन येणार होता. तो दहालाच आला.

ग्वेनेथ प्रोबर्ट बोलत होती. आवाज तरुण, वेल्सकडचा. "मिस्टर एन्टविसल, तुमची अकराही पानं वाचली मी."

"नॉर्मन म्हण, पोरी."

त्या पानांत एडी होती, त्याची अकरा वर्षांची नात. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून ती परक्यांपुढे बोलेनाशी झाली होती. वर्गात तिच्या वतीने तिची मैत्रीण सना बोलायची: एडीला तहान लागलीय, एडीचं पोट दुखतंय. सनाला टेकडीखालच्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला, एडीला नाही. शाळा भरली होती. नॉर्मनने अपील केलं, मे महिन्यात तिघांच्या समितीपुढे बसला आणि हरला. सप्टेंबरपासून एडी दोन बस बदलून दुसऱ्या शाळेत जात होती. तो रोज विचारायचा, "आज काय बोललीस?" ती म्हणायची, "हजर." हजेरीच्या वेळचा तो एक शब्द. त्यापुढे दिवसभर काही नाही.

"मग दे की मिळवून जागा," नॉर्मन म्हणाला.

"ते माझ्या हातात नाही. समितीचा निर्णय बरोबर की चूक, हे मला ठरवताच येत नाही. कामकाज नियमाने झालं का, एवढंच बघता येतं."

"म्हणजे पोरीचं दुःख सोडून बाकी सगळं."

"हो," ती म्हणाली. "तसंच आहे. ती टेकडीखालची शाळा कौन्सिलची आहे म्हणून एवढं तरी. अकॅडमी, म्हणजे कौन्सिलच्या हाताबाहेरची शाळा असती, तर मला फाईलसुद्धा उघडता आली नसती."

"मग अकरा पानं उगाच खरडली मी."

"सनाने एडीसाठी बाईंशी भांडण केलं, ते पान मी दोनदा वाचलं. पण ते मला वापरता येत नाही. आता त्या सुनावणीचं सांगा. आत गेलात तिथपासून बाहेर पडलात तिथपर्यंत."

नॉर्मनने आठवून आठवून सांगितलं. शाळेची बाजू मांडायला हार्गेट नावाचा माणूस होता. भला माणूस. नॉर्मनचा चहाही त्यानेच ओतून दिला. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, झालं. नॉर्मन उठला, खुर्ची आत सरकवली, सगळ्यांचे आभार मानले.

"आणि दोघं बाहेर पडलात."

"नाही गं. त्याने नुकताच दुसरा कप भरून घेतला होता. मी म्हटलं, बस बाबा, सावकाश पी. आणि दार ओढून घेतलं. वारा येत होता ना."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "किती वेळ होता तो आत?"

"आग लागली तर काय करायचं ते बाहेर भिंतीवर लिहिलं होतं. ते मी तीनदा वाचलं. मग आला. म्हणाला, पाऊस थांबलाय."

"कारकुनाच्या नोंदीत तुम्ही अकरा वाजून बारा मिनिटांनी बाहेर पडलात आणि तो अकरा वाजून अठरा मिनिटांनी. मला वाटलं होतं लिहिताना चूक झाली असेल." ती हळू बोलू लागली. "नॉर्मन, तुम्ही नसताना शाळेच्या माणसाने समितीबरोबर थांबायचं नसतं. दोघांनी एकदम उठायचं असतं."

"अगं, चहा पीत होता तो!"

"असेल. पण आत काय बोलणं झालं ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून तर तो नियम."

"पण बस म्हणालो मीच. आता त्याच्यावर बालंट आणू?"

"त्याला बाहेर पाठवणं हे समितीचं काम होतं. आमच्या निर्णयात कुणाचंच नाव नसतं. पण हे तुम्ही लिहून द्यायला हवं."

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

सव्वाचारला एडी आली. दप्तर टाकलं, बिस्किटांचा डबा उघडला.

"आज?"

"हजर."

त्याने तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली. "आजोबा, तुम्ही दारात कुत्र्यालासुद्धा आधी जाऊ देता."

"मग काय ढकलू त्याला?"

तिने बिस्कीट चहात बुडवलं. "त्या काकांना कुणी रागावेल का?"

"नाव लिहीत नाहीत म्हणे. पण त्यांना कळेल."

तिने कप बाजूला ठेवला. मग एक कोरं पान त्याच्यापुढे सरकवलं. "लिहा. पण त्यांनी तुम्हाला चहा ओतून दिला, तेही लिहा."

त्याने अर्धं पान लिहिलं. दोन्ही गोष्टी लिहिल्या. एडीने वाचून बघितलं आणि पाकिटाला तिकीट लावलं.

नोव्हेंबरात लोकपालांचा निर्णय आला: कामकाजात चूक झाली; कौन्सिलने माफी मागावी आणि नवे तीन सदस्य, नवा कारकून घेऊन पुन्हा सुनावणी करावी. जागेबद्दल त्यात एक ओळही नव्हती. कौन्सिलने ते मान्य केलं.

नवी सुनावणी सोळा डिसेंबरला झाली. ती एकोणतीस मिनिटं चालली. दोघे सदस्य प्रवेशाच्या बाजूने होते, एक विरुद्ध. टेकडीखालच्या शाळेत सातवीच्या, म्हणजे तिथल्या पहिल्याच वर्गाच्या, पटावर १८० नावं होती; नाताळच्या सुट्टीनंतर १८१ झाली.